तुडुमच्या फिती

बसा ना. त्या खाटेवर पाय वर घेऊनच बसा, संध्याकाळी फरशी गार पडते. गिरणीकडची लाइट गेली की लवकर येत नाही, म्हणून हा चार्जिंगचा दिवा मध्ये ठेवते. चहा जमुनाबाई आणतीलच. आणि माझ्या या बोटाकडे लक्ष देऊ नका. ते असंच चालू असतं. बोलताना, जेवताना... आई म्हणते, झोपेतही.

तुम्ही तुडुमच्या फिती ऐकायला इतक्या लांबून आलात. ऐकवीन. स्टुडिओतल्या आहेत, मंडईतल्या आहेत, सगळ्या त्या लोखंडी रॅकवर आहेत. पण आधी थोडं बोलू द्या. थकलेय मी, मध्ये थांबले तर चालेल ना?

मी या धानाच्या गिरणीत पहिल्यांदा आले तो बाजाराचा दिवस होता. आईने लाखोळीची डाळ आणायला सांगितली होती. गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारातून डाळ घेतली, पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवली आणि वाटेतच आहे म्हणून इथे थांबले. जुन्या फिती कुणी भंगारात घालण्याआधी पाहून घ्याव्यात, एवढंच काम होतं. म्हणजे आईला तेवढंच सांगितलं होतं. खरं तर त्या फितींसाठीच मी परदेश सोडून आले होते.

जर्मनीत मी आवाज जतन करायचं शिक्षण घेत होते. तिथे एका संग्राहकाच्या दुकानात, बाहेर बर्फ पडत असताना, त्याने एक भारतीय कॅसेट लावली. इलेक्ट्रिक गिटारचा एकच लांबवलेला सूर, त्याचे एकावर एक चढणारे पडसाद, आणि त्याखाली न चुकणारा एक ठेका. असलं संगीत मी तिकडच्या जुन्या बँडांचं ऐकलं होतं, पण हे त्यांच्यापैकी कुणाचं नव्हतं. मग त्या सुराच्या मागून, गर्दीतून एक माणूस म्हणाला, "सरक ना बे, दिसून नाही राहिलं." ही माझ्या तालुक्याची बोली होती. मी त्या दुकानात उभ्या उभ्या रडले. ज्या मातीत असं काही वाजलं तिला आपण मागास म्हणून सोडून आलो, असं वाटलं. परतायचं त्याच दिवशी ठरलं.

तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतलं तोंड, जिथून धानाला पाणी सोडतात. तेच बँडचं नाव. कोहळी समाजाच्या गावातली पोरं, ज्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधले. सत्तरच्या दशकात त्यांनी हावड्याच्या गाडीने एक गिटार आणि पडसाद पाडणारं एक यंत्र मागवलं आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणून जत्रा भरते तिच्यात, दंडारीचा खेळ संपला की, वाजवायला सुरुवात केली. तेव्हापासून बँड चालूच आहे. माणसं आली, गेली, मेली. त्यांचं गाणं मात्र कधी संपलं नाही. शब्दशः सांगते, संपतच नाही ते. फीत संपते म्हणून कॅसेट संपते. पुढच्या वर्षीची फीत त्याच ठेक्यावर सुरू होते. लोकांनी याची खूप टर उडवली आहे. एका फितीत कुणी विचारतो, जनरेटर बिघडला का? दुसरीत गोंदियाचा कुणी व्यापारी म्हणतो, "भैया, ये गाना खतम होगा तब तक मेरा लड़का ब्याह जाएगा." आणि लोक हसतात, भजी खातात आणि जागचे उठत नाहीत.

स्टुडिओ म्हणजे हेच गोदाम. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना कोंड्याची पोती रचलेली. काचेमागची ती खोली पूर्वी गिरणीच्या मुनीमजींची, आता तिथे यंत्रं. त्या दिवशी मी आत आले तेव्हा कोंड्याचा तो कोरडा, उबदार वास नाकात भरला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारा मांडीवर बोट आपटत बसला होता. ते ईश्वरदास काका. गिटार त्यांचं, गळाही त्यांचाच. पहिल्या चमूतले तेवढेच उरले होते.

मी कोण, कुठून आले, सगळं एका दमात सांगितलं. या फिती जगाने ऐकल्या पाहिजेत, हा आपल्या जिल्ह्याचा ठेवा आहे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं दूर शिकून इथं फिती पुसायले आली? बाप काही बोलला नाही का तुझा?"

त्यांचं बोट या सगळ्या बोलण्यात थांबलं नव्हतं.

जमुनाबाई तेव्हाही इथेच असत. काकांच्या जुन्या मित्राची, शालीकरामची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा शालीकराम गेले. ते बँडचे ढोलवाले. त्यांच्यानंतर तुडुमने कधी ढोलवाला ठेवला नाही, ठेका काकाच गिटारच्या तारांवर थाप देऊन धरत. मंडईत जमुनाबाई मंचाला लागून बसत आणि काकांच्या जवळ कुणाला फिरकू देत नसत. का, ते मला उशिरा कळलं.

दिवाळीपर्यंत मी रोज येत होते. दमट पडलेली फीत यंत्राला चिकटते, तिचा थर खरवडून निघतो. तिला मंद उबेत ठेवून वाळवावं लागतं, मग एकदाच वाजवून उतरवून घ्यायचं. हे काम सावकाश होतं. फीत उबेत असली की काका बोलत. पारीवरची राखण त्यांनी मला अशाच एका दुपारी सांगितली. तलावाच्या पाळीला इकडे पार म्हणतात. तलाव काठोकाठ भरला की पारीवर एक माणूस डफ घेऊन बसतो आणि वाजवत राहतो. ठेका ऐकू येतोय तोवर पार शाबूत आहे, गावाने झोपावं. ठेका थांबला की गाव टोपल्या-फावडी घेऊन धावतं. म्हणून बसलेल्या माणसाने हात उचलायचाच नाही. बदलीवाला येतो, शेजारी बसतो, ठेका धरतो. दोघं थोडा वेळ बरोबर वाजवतात आणि मग पहिला हात उचलतो. बोलायचं नसतं.

"आन् बदलीले दोघं आले तं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

काका हसले. "ज्यानं आधी धरला, त्याचा. दुसऱ्यानं पारीवरूनच माघारी जायचं. मंग आम्ही पोट्टे का करू? मुद्दाम हरूहरू चालत जाऊ. दुसऱ्यानं धरला का आपण झोपायले मोकरे."

आमच्या पोवारांच्या घरांत तलावाची राखण नव्हती. मला ते फार सुंदर वाटलं. मी ते मुलाखत म्हणून उतरवून घेतलं, फाइलला नाव दिलं आणि पुढच्या कामाला लागले.

मग पहिली फीत वाळून निघाली. तुडुमचं पहिलं मंडईतलं वाजवणं, तलावाच्या पारीखाली. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता आणि तलाव तुडुंब होता. सूर लागला आहे, लोक गप्प झाले आहेत, शालीकरामचा ढोल असा वाजतोय की अंगावर काटा यावा. आणि मध्येच, मायकच्या अगदी जवळ, तरुण माणसाचा घाईतला आवाज.

"ईश्वर, ठेका धर. तुडुमातून पाणी फुटून राहिलं. मी येतवरी सोडू नको."

टिपऱ्या खाली ठेवल्याचा आवाज. मग गिटारवर थाप.

ती फीत संपेपर्यंत थाप चालू आहे. लोक ओरडतात, धावतात, एक बाई कुणाला तरी हाका मारते, तरी थाप चालू आहे. शालीकरामने पोती कोंबून तुडुम बुजवला. गावाचं धान वाचलं. ते स्वतः सकाळी पाण्याच्या तोंडाशी सापडले.

"चिता पेटली तवाही माहं बोट चालूच होतं," काका म्हणाले. "तो म्हणाला ना, मी येतवरी. मंग दुसऱ्याच्या हाती कसा देऊ?"

मी विचारलं, इतक्या वर्षांत किती लोकांनी तुमच्याबरोबर ठेका धरला असेल, पाय आपटले असतील, टाळ्या वाजवल्या असतील? ते म्हणाले, ऐकणाऱ्याचं धरणं वेगळं. मी थकलो हे पाहून, शेजारी येऊन, आता मी सांभाळतो म्हणून जो धरेल, तो खरा. आणि तसा कुणी येऊ नये म्हणून वयनी बसतात ना मंचापाशी. हे बोलताना त्यांचे डोळे मिटत होते. एवढा थकलेला माणूस मी पाहिला नव्हता. हाताचं ते बोट झिजून टोकाला काळं, गुळगुळीत झालं होतं.

पावलं मला त्यानंतर ऐकू आली.

पहिल्या फितीच्या शेवटी, फार लांब, पाण्यापलीकडे काही तरी चालल्यासारखं. चिखलातून पाय उपसताना होतो तसा तो आवाज. मी तो दोष समजले. फीत गुंडाळलेली असते, तेव्हा एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. पण तो नंतरच्या फितीतही होता. त्या वर्षी मंडई डोंगराकडच्या गावात होती, तिथे तलाव नाही. मग स्टुडिओतल्या फितीतही निघाला. याच गोदामात, कोंड्याच्या पोत्यांमध्ये, जिथे ओलावा शोधूनही मिळणार नाही.

मी सगळ्या फिती वर्षांप्रमाणे लावल्या. आवाज किती लांबून येतोय हे सांगणं माझं शिक्षणच आहे, त्यात मी सहसा चुकत नाही. पाण्यापलीकडे. मग पाण्याच्या कडेला. मग गवतातून. मधली काही वर्षं तो शेताच्या धुऱ्यावरून चालतोय, दोन्ही बाजूंनी मोकळं रान असावं तसा. मंडई कुठल्याही गावात असो, रेकॉर्डिंग मैदानात असो की बंद खोलीत, पावलं आपल्या वाटेने चालत होती. शेवटच्या फितीत ती डांबरी रस्ता ओलांडून गिरणीच्या फाटकाशी होती.

ज्या संध्याकाळी हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बाहेर उजेड होता, रस्त्यावरून धानाचे ट्रॅक्टर जात होते. तरी मी हेडफोन काढले आणि काही वेळ मुनीमजींच्या खोलीतून बाहेर येऊ शकले नाही.

जमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना कसं सांगावं कळेना. मी म्हटलं, "काकू, फितीत कुणी तरी... चालतंय."

त्यांनी मान वर केली नाही. "कुठवर आला?"

"फाटकापर्यंत."

सुपातले तांदूळ हलायचे थांबले. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी म्हणत, मले ऐकू येते. मले कायी ऐकू येत नाही पोरी, माहे कान साधे. फाटकापर्यंत... खरं सांगते ना?"

मी त्यांच्या कानांना हेडफोन लावले. चष्म्याच्या काड्या, केस, पदर, सगळं नीट सारून. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "उजवा पाय थोडा ओढून टाकते. तसाच."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? काकांना एकच हवं होतं, हात उचलायला मिळावा. जमुनाबाईंनाही एकच हवं होतं. आणि मला तुडुमची शेवटची फीत हवी होती, म्हणजे संग्रह पुरा होईल. तिघांनाही एकच रेकॉर्डिंग हवं होतं. काका मात्र दिवस पुढे ढकलत राहिले. भीती वाटते का, विचारलं तर म्हणाले, "त्याची भीती नाही. मी म्हातारा झालो, तो तसाच असन. ओळखते का नाही मले, त्याची."

धान कापणी चालू असतानाची दुपार होती ती. बाहेर कुणी नव्हतं, सगळं गाव शेतात. कापलेल्या धानाचा गोडसर वास दारातून येत होता. काका गोदामात मधोमध खुर्चीवर बसले, मी त्यांना हेडफोन दिले. मी काचेमागे. जमुनाबाईंनी चहा केला, आम्हा तिघांचा ओतला, आणि चौथा कप भरून त्यावर बशी ठेवली. मग तो हातात घेऊन त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

फीत फिरू लागली. तो सूर... तुम्ही ऐकालच. काकांनी गाणं म्हटलं नाही, फक्त सूर धरला आणि थाप. पडसादावर पडसाद चढत गेले आणि मला वाटू लागलं की गोदामाच्या भिंती मागे सरकताहेत. आणि फाटकाकडून पावलं निघाली.

अंगणातली माती भुसभुशीत, कोरडी. तिच्यावर ओल्या पायाचा आवाज येत होता. चप्... आणि मग उपसल्याचा. मी काचेतून दाराकडे पाहिलं. दारात फक्त जमुनाबाई आणि त्यांच्यापलीकडे ऊन. पण हेडफोनमध्ये तो विहिरीजवळून आला, धान वाळवायच्या ओट्यावर चढला. कोंड्याचा वास गेला. तलावाच्या तळाचा गाळ उपसताना येतो तो वास, कुजलेल्या कमळदेठांचा, थंड, काचेच्या आतही आला.

काका रडत होते. हसतही होते. इतक्या वर्षांचं ओझं उतरायला आलं आणि त्यांच्या बोटातलं बळच गेलं. थाप एकदा उशिरा पडली. पुन्हा एकदा, फार हलकी. मला दिसलं की ते सुटणार.

आम्हाला शिकवलेलं असतं, कलावंताचा ताल डगमगला तर काचेमागून त्याच्या कानात ठोका द्यायचा. क्लिक म्हणतात त्याला. रोजची गोष्ट आहे, स्टुडिओत कुणी दोनदा विचार करत नाही. फीत वाया जाऊ नये, काकांची इतक्या वर्षांची तपश्चर्या शेवटच्या क्षणी हुकू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी त्यांच्या कानाकडे जाणारं बटण दाबलं आणि टेबलाच्या कडेवर बोटाने ठेका दिला.

शेजारी बसण्याहूनही जवळ होते मी. कानात होते.

काकांनी वर पाहिलं. आधी दाराकडे, मग माझ्याकडे. पारीवर बसलेल्या माणसाचा हात तो, लहानपणापासूनची सवय. बरोबरीने काही ठोके वाजले आणि हात आपोआप उचलला गेला. हेडफोनमध्ये ठेका चालूच होता. तो माझा होता.

उंबऱ्यावर पाऊल थांबलं.

मग उंबऱ्यावर पाय वळल्याचा आवाज आला, आणि तो निघाला. ओट्यावरून खाली. अंगण. फाटक. घाई नव्हती, रागही नव्हता. बदलीला आलेला माणूस दुसऱ्याने ठेका धरलेला पाहून माघारी जातो, तसा.

जमुनाबाईंच्या हातातल्या कपाची बशी वाजत होती, तेवढाच आवाज होता गोदामात. आणि माझं बोट.

"पोरी... तू काऊन धरला?" काका म्हणाले. ओरडले नाहीत. स्वतःचा उघडा हात उलटसुलट करून पाहत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "मले आणखी घडीभर जमलं असतं."

दाराच्या आत फरशीवर कोंड्याची बारीक धूळ असते, झाडून झाडून जात नाही. त्या धुळीत अनवाणी पावलं उमटली होती, ओली. उंबऱ्याच्या आत जेमतेम एक पाऊल. तिथेच वळलेलं. दुसऱ्या पावलाची बोटं बाहेरच्या बाजूला होती.

जमुनाबाई खाली बसल्या आणि त्या ठशांच्या शेजारी हात टेकून राहिल्या. पुसले नाहीत, शिवल्या नाहीत. मी जवळ गेले, काही तरी बोलले, माफी मागितली असेन. त्या माझ्या बोटाकडे पाहत होत्या. ते ओढणीवर, मांडीवर, दाराच्या चौकटीवर चालू होतं.

"आता सोडू नको माय," त्या म्हणाल्या. "सोडलं तं त्याले गिरणी कशी सापडन?"

काका त्या दुपारी इथेच, तुम्ही बसला आहात त्या खाटेवर झोपले ते दुसऱ्या दिवशी उठले. हिवाळाभर ते असेच झोपत. थंडी संपता संपता झोपेतच गेले. दोन्ही हात उघडे होते. जमुनाबाईंनी ते मला मुद्दाम बोलावून दाखवले.

मी गोंदियाच्या डॉक्टरांना बोट दाखवलं. नसांचं काही आहे म्हणाले, विश्रांती घ्या म्हणाले, गोळ्या दिल्या. एकदा घरी मी ते दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरून बसले. थांबलं. आणि लगेच कुठून तरी पाणी फुटल्याचा आवाज आला, घराच्या खालून, आणि आई आतून म्हणाली, मोरीत काय सांडलंस गं? मी मूठ सोडली. पुन्हा तसा प्रयत्न केला नाही.

आता तुडुम म्हणजे मी. मंडईत काकांच्या सुराची फीत लावते आणि मायकसमोर ठेका धरते. लोक टर उडवतात, भजी खातात, बसून राहतात. जमुनाबाई मंचाशी असतात. स्टुडिओतही रेकॉर्डिंग करते, आणि प्रत्येक फीत त्या ऐकतात. माझ्या पहिल्या फितीत तो थेट पाण्यापलीकडे गेला होता. ती ऐकली त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण नंतर म्हणू लागल्या, "या खेपेस लवकर येऊन राहिला. रस्ता माहीत झाला त्याले." खरंच लवकर येतोय. मागच्या आठवड्याच्या फितीत तो विहिरीशी होता.

मोठ्या गोष्टी करायच्या होत्या मला. शाळाशाळांत या फिती ऐकवायच्या होत्या, गावोगाव आवाज गोळा करायचे होते. करेनही. अजून मनापासून वाटतं ते. पण सध्या मी फक्त थकलेली असते. काकांचे डोळे बोलता बोलता का मिटत, ते आता कळतं. कधी कधी कुणी पाहुणा असा समोर बसतो, ऐकता ऐकता त्याचं बोट कपावर ठेका धरू लागतं, आणि माझ्या मनात येतं की गप्प राहावं. नुसतं गप्प. घेईल तो. पण जमुनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असतात.

म्हणून तुम्हालाही सांगते, वाईट वाटून घेऊ नका. मघापासून ऐकतेय मी. तो ठेका थांबवा. मी थकलेय हे दिसतंय, तुम्ही चांगल्या मनानेच धरला असेल, पण तुम्ही धरू नका. आज तर नकोच...

थांबा. दिवा जरा इकडे करते.

तुमचे दोन्ही हात कपाभोवती आहेत. पाय तर तुम्ही वरच घेतलेत.

माझं बोट... हे पाहा. थांबलंय. आणि पाणी फुटल्याचा आवाज नाही.

ऐकू येतोय ना तुम्हाला? ठेका चालू आहे. मागे वळून पाहू नका, मलाही अजून पाहवत नाही. फक्त हा वास... जमुनाबाई उठल्या आहेत. झाकून ठेवलेल्या त्या जास्तीच्या कपावरची बशी काढताहेत.